रूट ४० वरचा राजशिष्टाचार

राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १८ एप्रिल १९६१ रोजी तयार झाला. परदेशी राजदूताला यजमान देशाने सन्मानाने वागवलं पाहिजे, आणि त्याच्या शरीरावर, स्वातंत्र्यावर किंवा प्रतिष्ठेवर घाला येऊ नये यासाठी योग्य ती सगळी पावलं उचलली पाहिजेत, असं त्याचं २९ वं कलम सांगतं. अमेरिकेने या करारावर सही केली २९ जूनला. त्याच्या तीनच दिवस आधी, २६ जूनला, चाड देशाचे राजदूत आदम मालिक सो न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला निघाले होते. राष्ट्राध्यक्ष केनेडींना त्यांना आपली अधिकारपत्रं सादर करायची होती. वाटेत मेरिलँड राज्यात, एजवूड गावाजवळच्या ‘बॉनी ब्रे’ नावाच्या रस्त्याकाठच्या हॉटेलात ते कॉफीसाठी थांबले. त्यांना कॉफी मिळाली नाही. इथे काळ्यांना वाढत नाही, असं सांगून त्यांना बाहेर काढण्यात आलं.

पुढे ‘लाइफ’ साप्ताहिकाने या प्रकरणावर लिहिलं तेव्हा हॉटेलातल्या बाईंनी आपली बाजू मांडली. आपल्याला तो नेहमीचाच कुणी काळा माणूस वाटला, राजदूत आहे हे कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि काळ्या माणसासाठी त्यांनी वापरलेला शब्द इथे लिहिण्याजोगा नाही. त्यांना स्वतःला हा खुलासा पुरेसा वाटला असावा. मला मात्र पुढच्या तीन वर्षांचं सगळं भांडण त्या एका खुलाशात भरलेलं दिसतं. राजदूत आहे हे कळलं असतं तर कदाचित कॉफी मिळालीही असती. म्हणजे नकार मिळाला तो चाडच्या राजदूताला नव्हे. तो होता मेरिलँडमधल्याच बाल्टिमोर शहरातल्या कुठल्याही काळ्या नागरिकाला, आणि सो यांना तो फक्त रंगामुळे वाट्याला आला.

सो यांच्या अपमानाची तक्रार ज्या टेबलावर येऊन पडली ते टेबल होतं अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या राजशिष्टाचार प्रमुखाचं.

हा अधिकारी करतो तरी काय? परदेशी राष्ट्रप्रमुख आला की विमानतळावर त्याचं स्वागत, ब्लेअर हाउस या सरकारी अतिथिगृहात उतरण्याची सोय, कोणतं राष्ट्रगीत आधी वाजणार, जेवणाच्या टेबलावर कोण कुणाच्या उजव्या हाताला बसणार, भेट काय द्यायची, नव्या राजदूताला अधिकारपत्रं देण्यासाठी राष्ट्राध्यक्षांपुढे कधी न्यायचं, राजदूतावासातल्या माणसांचे हक्क आणि सवलती कोणत्या, हे सगळं त्याच्याकडे. वॉशिंग्टनमध्ये यासाठी १९२८ साली स्वतंत्र विभाग निघाला आणि जेम्स क्लेमेंट डन त्याचे पहिले प्रमुख झाले. १९६१ पासून या पदाला राजदूताचा दर्जा आहे आणि नेमणुकीला सिनेटची मान्यता लागते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम खुर्च्या मांडण्याचं वाटतं. खुर्च्यांवरून किती रक्त सांडलंय हे माहीत असलेला माणूस तसं म्हणणार नाही. लंडनमध्ये १६६१ च्या सप्टेंबरअखेर स्वीडनचा नवा राजदूत येणार होता. त्याच्या स्वागताच्या मिरवणुकीत इंग्लंडच्या राजाच्या गाडीमागे पहिली गाडी फ्रान्सच्या राजदूताची की स्पेनच्या, यावरून टॉवर ऑफ लंडनजवळ भर रस्त्यात मारामारी जुंपली. स्पॅनिश मंडळी तयारीनिशी आली होती. घोड्यांचे पट्टे कुणी कापू नयेत म्हणून त्यांनी चामड्याच्या आत लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. माणसं मेली, घोडे मेले, स्पेनची गाडी पुढे गेली. ते ऐकून चौदाव्या लुईने युद्धाची धमकी दिली आणि शेवटी स्पेनच्या राजाला नमतं घ्यावं लागलं. हा तंटा कायमचा मिटवायला आणखी दीडशे वर्षं गेली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने ठरवलं की राजदूतांचा क्रम त्यांच्या राजाच्या थोरवीवर ठरणार नाही, आगमन अधिकृतपणे कळवल्याच्या तारखेवर ठरेल. जो आधी आला तो आधी. राजनयात सगळ्या देशांना समान मानण्याची सवय लागली ती अशा साध्या, कोरड्या नियमातून, आणि तो नियम जपण्याचं काम राजशिष्टाचार प्रमुखाचं. म्हणूनच सो यांची तक्रार या टेबलावर आली हे योग्यच होतं. चाडला स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं, तरी नियमाप्रमाणे त्याचा राजदूत फ्रान्सच्या राजदूताच्या तोडीचा होता. एजवूडच्या हॉटेलात मात्र हा नियम पोहोचला नव्हता.

टेबलामागे बसले होते अँजिअर बिडल ड्यूक. वय ४५, उंच, देखणे, अतिशय श्रीमंत घरातले. वडिलांकडून नॉर्थ कॅरोलिनातलं ड्यूक हे तंबाखूसम्राटांचं घराणं, आईकडून फिलाडेल्फियाचं जुनं बिडल घराणं. येलमधलं शिक्षण अर्धवट सोडलेलं, महायुद्धात हवाई दलात मेजर, मग परराष्ट्र सेवा आणि १९५२ साली एल साल्वाडोरमध्ये राजदूत, तेव्हाचे अमेरिकेचे सर्वांत तरुण राजदूत. त्यांच्या घराण्याच्या देणगीवर उभं राहिलेलं ड्यूक विद्यापीठ १९६१ सालीही काळ्या विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गात घेत नव्हतं. पहिले पाच विद्यार्थी तिथे आले ते १९६३ मध्ये. असा माणूस या प्रश्नाकडे मेजवान्यांच्या पलीकडे जाऊन पाहील, असं त्याच्या घराण्यावरून कुणी सांगितलं नसतं. त्यांनी पाहिलं, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आता रस्त्याविषयी. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. नव्या देशांकडे पैसा कमी आणि शिकलेली माणसं त्याहून कमी. त्यामुळे अनेकांचा एकच राजदूत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आणि वॉशिंग्टनला अमेरिकी सरकारपुढे असं दोन्हीकडे काम पाहायचा. या दोन शहरांमध्ये सतत मोटारीची ये-जा. न्यू जर्सी टर्नपाइक संपला की डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडायचा आणि तिथून बाल्टिमोरपर्यंत रूट ४०. आज आहे तो सलग द्रुतगती महामार्ग तेव्हा नव्हता. रूट ४० च्या दोन्ही बाजूंना हॉटेलं, पेट्रोल पंप, मोटेलं, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दाराशी रंग बघून माणूस आत घेतला जायचा. उत्तरेकडून येणाऱ्या परदेशी माणसाची अमेरिकेतल्या वर्णभेदाशी पहिली गाठ नेमकी याच पट्ट्यात पडायची.

हे १९६१ मध्ये अचानक उद्भवलेलं नव्हतं, आणि केवळ आफ्रिकी माणसांच्याच वाट्याला आलेलंही नव्हतं. ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता टेक्ससमध्ये ह्यूस्टन विमानतळावरच्या रेस्टॉरंटमध्ये बसले असताना त्यांना आणि त्यांच्या सचिवाला तिथून उठवून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं गेलं. मेहता मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, पुढे मुंबईतल्या आयसीआयसीआयचे अध्यक्ष झालेले गृहस्थ. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी दिलगिरी व्यक्त केली. ऑक्टोबर १९५७ मध्ये घानाचे अर्थमंत्री कोमला ग्बेडेमा यांना डेलावेअरमधल्या डोव्हर इथे हॉवर्ड जॉन्सन या साखळीतल्या हॉटेलात संत्र्याचा रस मागितल्यावर आत बसू दिलं नाही. त्याच वर्षी उपाध्यक्ष निक्सन घानात त्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेले होते. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरनी ग्बेडेमांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं. एप्रिल १९६१ मध्ये सिएरा लिओनचे प्रभारी राजदूत विल्यम फिट्झजॉन यांना मेरिलँडच्या हेगर्सटाउनमध्ये त्याच साखळीच्या हॉटेलात नकार मिळाला. केनेडींनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, साखळीच्या अध्यक्षांनी माफी मागितली.

माफी आणि न्याहारी हाच तोवरचा ठरलेला उपाय होता. प्रत्येक वेळी सरकार म्हणत होतं की तुम्ही आमचे खास पाहुणे आहात, तुमच्या बाबतीत चूक झाली. हॉटेलाचं दार मात्र तसंच राहत होतं. मला या न्याहाऱ्यांची चीड येते. त्यांत सौजन्य होतं हे खरं, पण ज्या नियमामुळे तो अपमान झाला त्याला त्या हातही लावत नव्हत्या.

केनेडींचाही पहिला विचार याहून फार पुढे नव्हता. त्यांचे नागरी हक्कांविषयीचे सहायक हॅरिस वॉफर्ड यांनी लिहून ठेवलं आहे, की राष्ट्राध्यक्षांनी ड्यूकना फोन करून म्हटलं, या राजदूतांना सांगा की त्या रस्त्याने जाऊच नका, विमानाने जा. वॉफर्ड हे गांधींच्या मार्गाचा अभ्यास करायला भारतात राहून गेलेले, पत्नीसह भारतावर पुस्तक लिहिलेले. राष्ट्राध्यक्षांना या प्रश्नात फक्त प्रवासाची गैरसोय दिसते आहे, याचं त्यांना किती वाईट वाटलं असेल ते समजू शकतं. केनेडींची चिंता खोटी नव्हती, पण ती शीतयुद्धाची होती. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी मतं वाढत होती, काँगोचा पेच चालू होता, आणि मेरिलँडमधल्या प्रत्येक नकाराची बातमी मॉस्कोच्या उपयोगाची होती.

ड्यूकनी मात्र राजदूतांना विमानाची तिकिटं काढायला सांगून हात झटकले नाहीत. त्यांच्या हाताखाली १९६१ मध्ये खास एक कक्ष उघडला गेला आणि तो पेड्रो सानहुआन यांच्याकडे आला. हवानात जन्मलेला, तिशीतला, केनेडींच्या निवडणूक प्रचारात काम केलेला हा माणूस. या कक्षाचं काम कागदावर मर्यादित होतं. नव्या देशांच्या राजदूतांच्या अडचणी सोडवायच्या, इतकंच. अडचणी कुठल्या, तर वॉशिंग्टनमध्ये भाड्याने घर मिळत नाही. जाहिरात बघून फोन केला की जागा रिकामी असते, समोर जाऊन उभं राहिलं की ती नुकतीच दिलेली असते. (मुंबई-पुण्यात आडनाव किंवा धर्म ऐकून ज्यांना अशी उत्तरं मिळाली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) न्हावी केस कापत नाही, क्लब दार उघडत नाही. सानहुआन आणि त्यांचे सहकारी घरमालकांना भेटले, रूट ४० वरच्या हॉटेलवाल्यांना भेटले, गावागावांत बैठका घेतल्या.

सुरुवातीला विनंती एवढीच असायची की राजदूतांना तरी वाढा. आणि तिथेच अडचण समोर आली. हॉटेलवाल्याने राजदूत ओळखायचा कसा? पासपोर्ट मागून? पेहरावावरून?

या प्रश्नातला फोलपणा सगळ्यांत नेमका दाखवला तो बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’ या वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी. ऑगस्ट १९६१ मध्ये त्यांच्यातल्या तिघांनी भाड्याने लांबलचक मोटार घेतली, झगे आणि भारदस्त पोशाख चढवले आणि ‘गोबान’ नावाच्या देशाचे मान्यवर म्हणून रूट ४० वर निघाले. असा देश पृथ्वीच्या पाठीवर नाही. काही हॉटेलांनी त्यांना तरीही नकार दिला. पण काहींनी अदबीने बसवलं, जेवण वाढलं. तेच तिघे रोजच्या कपड्यांत, रोजच्या इंग्रजीत बोलत आले असते तर दारातूनच परत गेले असते. बाल्टिमोरचा करदाता नागरिक, युद्धात लढून आलेला सैनिक उपाशी जातो आणि नसलेल्या देशाच्या नसलेल्या मंत्र्याला पान वाढलं जातं. सरकारच्या ‘पाहुण्यांना तरी वाढा’ या धोरणाचा शेवट कुठे होतो, ते या पत्रकारांनी एका फेरीत दाखवून दिलं. या प्रकरणातलं सर्वांत धारदार काम त्यांचं होतं असं मी मानतो. परराष्ट्र खात्याला ज्या निष्कर्षाला यायला वेळ लागत होता, तो काळ्या पत्रकारांना आधीपासून ठाऊक होता.

१३ सप्टेंबर १९६१ रोजी सानहुआन मेरिलँडच्या विधिमंडळाच्या समितीपुढे उभे राहिले. हॉटेलं, मोटेलं अशा सार्वजनिक जागांत भेदभाव करायला बंदी घालणारं विधेयक चर्चेत होतं. परराष्ट्र खात्याच्या माणसाने एखाद्या राज्याच्या विधिमंडळाकडे अंतर्गत कायद्यासाठी पाठिंबा मागणं हीच मोठी गोष्ट होती. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी जे मागितलं ती होती. राजदूतांसाठी वेगळी सवलत त्यांनी मागितली नाही. पाहुण्याचा अपमान आणि नागरिकाचा अपमान वेगळे करता येत नाहीत, म्हणून कायदा सगळ्यांसाठी हवा, असं त्यांनी सांगितलं. परराष्ट्र व्यवहार हे त्यांना त्या दारातून आत शिरायला मिळालेलं निमित्त होतं, पण आत गेल्यावर ते निमित्ताच्या आड लपले नाहीत.

त्याच महिन्यात ड्यूक यांनी वॉशिंग्टनच्या मेट्रोपॉलिटन क्लबचा राजीनामा दिला. राजधानीतल्या वजनदार माणसांचा हा क्लब काळ्या पाहुण्यांना जेवायला आणू देत नव्हता. अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनीही राजीनामा दिला, आणखीही काही जण बाहेर पडले. क्लब सोडल्याने कुणाचं पोट भरलं नाही, हे खरं. पण ज्याचं सगळं आयुष्य अशाच दालनांत गेलं, त्याने स्वतःच्या वर्तुळाला नाही म्हणणं सोपं नसतं, आणि ड्यूक यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

तरीही रूट ४० वरची दारं उघडली ती मुख्यतः विनंत्यांनी नव्हे. वांशिक समतेसाठी लढणाऱ्या ‘कोअर’ या संघटनेने त्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या बसगाड्यांत ‘फ्रीडम राइड्स’ काढून मार खाल्ला होता. तिने जाहीर केलं की ११ नोव्हेंबरला रूट ४० वर शेकडो माणसं येतील आणि एकेका हॉटेलात जाऊन बसतील. तारीख जवळ आली तसे अनेक हॉटेलवाले तडजोडीला आले आणि त्यांनी सगळ्यांना वाढायचं कबूल केलं. योगायोग असा, की त्याच आठवड्यात पंडित नेहरू अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. ठरल्या दिवशीची मोठी फेरी कोअरने मागे घेतली, पण ज्यांनी शब्द दिला नव्हता त्यांच्या दाराशी निदर्शनं चालू राहिली, डिसेंबरात पुन्हा माणसं उतरली, त्यांना अटक झाली. विनंतीला वजन आलं ते या माणसांमुळे. सरकारी कक्षाची कामगिरी सांगताना हे सांगायचं राहून गेलं तर इतिहास खोटा होईल.

कायद्याची वाट मात्र लांबची निघाली. १९६२ मध्ये मेरिलँडचं विधेयक पडलं. १९६३ मध्ये, राज्यपाल मिलार्ड टॉज यांच्या कारकिर्दीत, ते मंजूर झालं, पण जवळपास निम्म्या काउंट्या त्यातून वगळून. एकाच राज्यात एका काउंटीत जेवायला मिळेल आणि पुढच्या काउंटीत नाही, असा तो अर्धा न्याय होता. जुलै १९६३ मध्ये परराष्ट्रमंत्री डीन रस्क सिनेटच्या समितीपुढे केनेडींच्या नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने साक्ष द्यायला आले. हा मूळ प्रश्न देशातल्या नागरिकांचा आहे आणि राजदूतांपुरता सोडवून तो सुटणार नाही, हे आता देशाचा परराष्ट्रमंत्रीच सांगत होता. १९५७ मधल्या न्याहारीपासून इथपर्यंतचं हे अंतर सहा वर्षांचं. त्यातलं बरंचसं राजशिष्टाचाराच्या त्या कार्यालयातून आणि त्याच्या बाहेर उभ्या असलेल्या निदर्शकांच्या रेट्याने कापलं गेलं.

१४ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींनी मेरिलँड आणि डेलावेअरच्या सीमेवर नव्या द्रुतगती महामार्गाचं उद्घाटन केलं. रूट ४० वरची वर्दळ तिकडे वळली. आठ दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, केनेडींची हत्या झाली. तीन दिवसांच्या आत ९० हून अधिक देशांतून आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था ड्यूक यांच्या कार्यालयाला लावावी लागली. २५ तारखेला व्हाइट हाउसपासून सेंट मॅथ्यूज कॅथीड्रलपर्यंत हे सगळे चालत गेले, आणि अगदी पुढच्या रांगेत फ्रान्सचे द गॉल यांच्यासोबत इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी होते. सार्वजनिक जागांतला भेदभाव सगळ्या देशात बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा नवे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने २ जुलै १९६४ ला आला. ड्यूक पुढे स्पेन, डेन्मार्क आणि मोरोक्कोमध्ये राजदूत झाले आणि १९९५ मध्ये वारले.

मेरिलँडमधल्या त्या द्रुतगती महामार्गाला आता केनेडींचं नाव आहे. न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबं वॉशिंग्टनला जाताना तोच धरतात. माझी त्यांना विनंती आहे की एकदा एजवूडपाशी महामार्ग सोडा, जुन्या रूट ४० ने थोडं अंतर जा, आणि गाडीतल्या मुलांना ह्यूस्टनमध्ये उठवल्या गेलेल्या गगनविहारी मेहतांविषयी, बाल्टिमोरच्या त्या तीन वार्ताहरांविषयी आणि नोव्हेंबरच्या थंडीत हॉटेलांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांविषयी सांगा. हेही सांगा की भारतीयांना मोठ्या संख्येने अमेरिकेत यायला वाट करून देणारा इमिग्रेशन कायदा त्या लढ्याच्या नंतरचा आहे. त्यावर सही झाली ३ ऑक्टोबर १९६५ ला.